नेत्रशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण आणि नवे तंत्रज्ञान

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून सांगली-सातारा परिसरास शस्त्रक्रियेची मोठी परंपरा लाभली आहे. पुढे १९६२ मध्ये मिरजेस शासकीय, तर १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शल्यचिकित्सक घडला तो मुख्यतः गुरूंच्या शेजारी उभा राहून. ही पद्धत थोर खरी. परंतु शिकाऊ हाताखाली येणारा पहिला डोळा हा अखेर माण वा जत तालुक्यातून आलेल्या एखाद्या आजीबाईंचा असतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगामागील आवरण अबाधित राखणे अत्यंत कठीण. केसाहून कितीतरी पातळ असे हे आवरण फाटल्यास कृत्रिम भिंग बसविणे अवघड होते व दृष्टीस धोका संभवतो. बोकडाच्या डोळ्यावरील सराव उपयुक्त असला, तरी त्यातील आवरण मानवी आवरणासारखे वागत नाही.

सिम्युलेटर यंत्रात विद्यार्थी कृत्रिम डोळ्यात हत्यारे घालतो व सूक्ष्मदर्शकातून संगणकाने उभी केलेली त्रिमितीय प्रतिमा पाहतो. हाताचा कंप, चुकीचा स्पर्श, लागलेला वेळ यांची नोंद होते आणि चुकलेला टप्पा पुनःपुन्हा करता येतो. ब्रिटनमध्ये अशी यंत्रे उपलब्ध झाल्यावर, २००९ ते २०१५ या काळात, नवख्या प्रशिक्षणार्थींकडून आवरण फाटण्याचे प्रमाण ४.२ वरून २.६ टक्क्यांवर आले.

आपल्या शिबिरांतील रुग्णांवर बहुधा लहान छेदाची, कमी खर्चाची शस्त्रक्रिया होते. तिच्याविषयी केनिया, टांझानिया, युगांडा व झिंबाब्वे येथील प्रशिक्षणार्थींवर झालेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. कृत्रिम डोळ्यांवर पाच दिवसांचे सधन प्रशिक्षण घेतलेल्यांकडून पुढील वर्षभरात ७.८ टक्के शस्त्रक्रियांत आवरण फाटले. न घेतलेल्यांत हे प्रमाण २६.६ टक्के होते.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. यंत्राची किंमत ताळेबंदात दिसते, गमावलेल्या दृष्टीची दिसत नाही, हे त्यास अनेक वर्षांच्या हिशेबांनंतर उमगले. सिम्युलेटर एका संस्थेस परवडणारा नाही. दोन्ही जिल्ह्यांतील संस्थांनी एकत्र येऊन त्याचा विचार करावा. तोवर कृत्रिम डोळे, एक जादा सूक्ष्मदर्शक आणि ज्येष्ठ डॉक्टरांचे आठवड्यातील काही राखीव तास एवढ्यावरही प्रारंभ करता येईल.

घाबरलेल्या रुग्णास धीर कसा द्यावा, हे मात्र गुरूच शिकवितील. चुका यंत्रावर व्हाव्यात आणि रुग्णापर्यंत सरावलेला हात पोहोचावा, यासाठी देणगीदार व हितचिंतकांनी साहाय्य करावे, ही नम्र विनंती.