आडवं पडलं की दम लागतो, तेव्हा

ताप उतरला, खोकला ओसरला, ऑक्सिमीटर 95 च्या वर आहे, आणि तरीही माणसाला रात्री आडवं पडवत नसेल, तर डॉक्टरांना हृदय तपासायला सांगा. एप्रिल 2021 मध्ये जळगावला माझ्या आक्काचं नेमकं हेच झालं होतं. "मले निजताच येत नाही रे भाऊ, उठून बसली की बरं वाटते," असं ती फोनवर सांगायची. ती करोना पॉझिटिव्ह होती, एचआरसीटीचा स्कोअर मात्र 25 पैकी अवघा 6. आदल्या वर्षी जळगावातल्या करोना-मृत्यूंचं प्रमाण देशभर गाजलं होतं. त्यामुळे दम म्हणजे करोनाच, यापुढे कोणाचं डोकं चालत नव्हतं. पीपीई किट चढवलेला डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप तरी कसा लावणार?

अशक्तपणा आहे म्हणून एका दवाखान्यात तिला लागोपाठ सलाईन चढवलं. त्या रात्री दम इतका वाढला की आम्ही तिला धुळ्याला हलवलं. तिथल्या फिजिशियनांनी विचारलं, "कूस बदलली की दम कमी-जास्त होतो का?" होत होता. टू-डी इकोत हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात देठाने लटकलेली गाठ दिसली. तिला मिक्झोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे. मोठ्या माणसांच्या हृदयातच उगवणाऱ्या गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते, आणि चारांपैकी साधारण तीन डाव्या वरच्या कप्प्यातच असतात.

ही गाठ हलत-हलत खालच्या झडपेच्या तोंडाशी येते. वरच्या कप्प्यातलं रक्त खाली उतरतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी मिनिटाला साधारण दहाने वाढते, विसावा आखूड होतो आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणूनच असा रुग्ण साध्या फ्लूनेही एका रात्रीत अत्यवस्थ होऊ शकतो. त्यात नसेतून भराभर पाणी गेलं, तर तुंबलेल्यात आणखी भर. आपल्याकडे "एक सलाईन लावून द्या" असं पेशंटच डॉक्टरांना सांगतो, ही खोड खानदेशातून कधी जाईल कोण जाणे.

घरात असा रुग्ण असेल आणि ऑपरेशन व्हायचं असेल, तर इकोचा रिपोर्ट सोबत ठेवा आणि कुठल्याही दवाखान्यात आधी तोच दाखवा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, अंगदुखीची इंजेक्शनं, दम्याची वाफ हे मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण यातल्या काहींनी नाडी वाढते, काहींनी अंगात पाणी साठतं. फ्लूची शंका आली तर पहिल्या 48 तासांतच दाखवा, तेव्हा औषधाचा उपयोग सर्वाधिक होतो. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात लुळा पडला, तर घरी वाट बघू नका. गाठीचा तुकडा किंवा तिच्यावरची गुठळी मेंदूत जाऊ शकते, आणि विषाणूच्या आजारात रक्त गोठण्याकडे कलही वाढतो.

उलटही घडतं. ही गाठ स्वतःच बारीक ताप आणते, वजन घटवते, ईएसआर वाढवते. मग टीबीच्या तपासण्यांत महिने जातात. थुंकी निगेटिव्ह आणि दम कायम असेल, तर एक इको करून घ्यायला काय हरकत आहे?

उपाय ऑपरेशनच. स्वीडनमध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी 1954 साली अशी गाठ यशस्वीपणे काढून दाखवली. पण अंगात संसर्ग असताना भूल देणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांना दोन्ही जोखमी तोलाव्या लागतात. आक्काचं ऑपरेशन करोनानंतर काही आठवडे थांबून नाशिकला झालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत, तेव्हा रेशनकार्ड घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आता ती दरवर्षी इको करते, फ्लूची लस घेते. तरुणपणीच गाठ निघाली, किंवा एकाहून जास्त निघाल्या, तर घरातल्यांचीही तपासणी करतात. आक्काच्या बाबतीत तसं काही नव्हतं, तरी मी माझा इको करून आणलाच. डॉक्टर म्हणाले, पैसे वाया घालवले.