मूळ चित्राला कात्री लावू देऊ नका

घरातली जुनी चित्रं नव्या रूपात वापरायला माझा विरोध नाही, उलट मला त्याची हौसच आहे, हे आधी सांगून टाकते. कारण झालेला प्रकार कळल्यावर आमच्याच नात्यातल्या काहींनी मला ‘मग द्यायचीच कशाला चित्रं?’ असं सुनावलं. द्यायची यासाठी, की ट्रंकेत कसर लागून जाण्यापेक्षा ती घरात डोळ्यांसमोर असावीत. चित्रं देण्यात काहीच गैर नव्हतं. दिलेल्या चित्रांचं समोरच्याने काय केलं, ते गैर होतं.

माझे वडील, अण्णा, वाईला चित्रकलेचे शिक्षक. वर्षभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. सुट्टीच्या दिवशी मात्र कृष्णेच्या घाटावर नाहीतर मेणवलीला जाऊन जलरंगात रमायचे. प्रदर्शनं वगैरे कधी भरवली नाहीत. त्यांच्या चित्रांची ट्रंक माझ्याकडे आली आणि डोंबिवलीच्या घराचं काम काढलं तेव्हा इंटिरियरवाल्याच्या नजरेला पडली. ‘काकू, याची एक अख्खी थीम होईल,’ म्हणाला. मलाही आवडलं. मी त्याला लिहून दिलं: निवडलेली चित्रं स्कॅन करायची, प्रिंट काढायच्या, त्या प्रिंटपासून ट्रे, लॅम्पशेड, कपाटाची दारं करायची आणि मूळ चित्रं जशीच्या तशी परत करायची. व्हॉट्सअ‍ॅपवर हे सगळं आजही आहे. खाली त्याचं ‘ओके काकू’ आहे, पुढे अंगठासुद्धा.

काम संपल्यावर सगळ्या वस्तू टेबलावर मांडून मला बोलावलं. ट्रे उचलला. वरून काचेसारखा चकचकीत रेझिनचा थर. आत मेणवलीचा घाट. वसईच्या किल्ल्यातून आलेली ती पोर्तुगीज घंटा जिथे टांगली आहे ती छोटी इमारत मधोमध कापलेली, अर्धी ट्रेमध्ये, अर्धी कुठेच नाही. आधी वाटलं, प्रिंट काळपट आली असेल. अण्णांचं आभाळ नेहमी हलकं असायचं, इथे ते तेल लागलेल्या वर्तमानपत्रासारखं झालं होतं. मग कडेला कापलेल्या कागदाची जाडी दिसली. आणि मग आभाळातून पुसटशी अक्षरं दिसायला लागली, उलटी. अण्णा प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलने जागा, महिना, वेळ लिहायचे. रेझिन कागदात मुरलं, कागद अर्धपारदर्शक झाला आणि मागचं लिखाण पुढे उमटलं. मी ते उलटं वाचलं: मेणवली, जानेवारी ७८, सकाळ, धुकं. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हातात प्रिंट नाही, चित्रच आहे.

मी विचारलं तेव्हा तो अजिबात गडबडला नाही, हे मला जास्त लागलं. ‘ओरिजिनलला जो फील येतो तो प्रिंटला नाही येत, काकू. आणि तशी ट्रंकेत पडूनच तर होती.’ पडून होती! कुणाच्या बापाची मेहनत कुणाच्या ट्रंकेत पडून होती, ते ठरवणारा हा कोण? वर कौतुकाने लॅम्पशेड दाखवली. त्यावर अण्णांच्या सह्या, चित्रांतून कापून काढून ओळीने चिकटवलेल्या. ‘सही आम्ही मुद्दाम जपली,’ म्हणाला. नंतर बिलात थोडी सूट देऊ केली. चूक झाली, एवढे शब्द मात्र आजपर्यंत त्याच्या तोंडून निघालेले नाहीत.

आता ज्यांच्या घरी असा ठेवा आहे त्यांच्यासाठी. सगळ्यात आधी चित्र छापील आहे की हाताने काढलेलं, हे बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आमच्या सासूबाईंच्या माहेरची लक्ष्मी आहे, रविवर्मा प्रेसचं छापील चित्र. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर, टिकल्या, मणी लावलेले. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि देवादिकांची चित्रं घरोघरी पोचली. घरातल्या बायकांनी ती नुसती टांगली नाहीत, देवीला खरं वस्त्र नेसवलं. म्हणजे चित्राला नवं रूप देणं आपल्याकडे जुनंच आहे. पण त्यांच्या हातात होती ती छापील प्रत, तशाच प्रती इतरांच्या घरीही होत्या. अण्णांचा मेणवलीचा घाट जगात एकच होता. हा फरक त्या इंटिरियरवाल्याला शेवटपर्यंत कळला नाही. लक्ष्मीची फ्रेम उघडून ‘क्लीन करतो’ असंही त्याने सुचवलं होतं. ती मी त्याच्या हाताला लागू दिली नाही, म्हणून वाचली.

आज मात्र त्या जुन्या छापील प्रतीही फार उरलेल्या नाहीत. प्रत जुनी आहे का, हे भिंगातून पाहिलं तर ओळखायला सोपं आहे. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, जाळीसारखे दिसतात, दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात ते वेडेवाकडे विखुरलेले असतात. वेडेवाकडे ठिपके दिसले तर थांबा. वस्त्र नेसवलेलं चित्र असेल तर जर, टिकल्या काही काढू नका, ओल्या फडक्याने पुसू तर मुळीच नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृतींच्या संवर्धनाचं केंद्र आहे, चित्र मोलाचं वाटत असेल तर तिथल्या जाणकारांना विचारून घ्या.

हाताने काढलेलं असेल तर मूळ फक्त चौकटीत जाईल, बाकी सगळीकडे प्रत. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. मोठं चित्र असेल तर खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी सपाट ठेवून फोटो घ्या. त्या फाइलवरून सुती कापडावर छापून उशांचे अभ्रे करा, पडदा करा, काय हवं ते करा. ट्रे करायचा तर रेझिन नको, प्रिंटवर काच बसवा, म्हणजे कंटाळा आला की चित्र बदलता येतं. रेझिन, गरम लॅमिनेशन आणि फेव्हिकॉल यांनी एकदा धरलेला कागद धड सुटत नाही. सेलोटेप तर चित्राच्या आसपासही नको, पिवळा डाग ठेवून जाते.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मागून उघडणारी चौकट. सुतार साध्या फिरक्या लावून देतो. आत एका वेळी एक चित्र, बाकीची फाइलमध्ये सपाट. पावसाळ्यात पावसाचं, थंडीत धुक्याचं. जलरंग सतत उजेडात राहिले की फिके पडतात, अशा आलटापालटीत त्यांना विश्रांती मिळते. चित्र आणि काच एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये माउंट हवाच, तोही आम्लरहित पुठ्ठ्याचा, थोडा महाग पडला तरी. जुन्या फ्रेमच्या पाठीला फळी किंवा प्लाय असेल तर बदला, लाकडातलं आम्ल कागद तपकिरी करतं. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते. आपल्याकडच्या पावसात भिंत ओल धरते आणि बुरशी आधी चित्राच्या पाठीला लागते. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा.

कॅनव्हासवरचं तैलचित्र ढिलं पडलं असेल तर घडी घालू नका. गुंडाळावंच लागलं तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर.

कापायची हौस असेल तर सरावाचे कागद आहेत की! मुलांची परीक्षेच्या तयारीची संकल्पचित्रं, फसलेली स्थिरचित्रं. त्यांची आहेराची पाकिटं सुंदर होतात, वह्यांची कव्हरं होतात. पण ज्याने काढलं त्याला विचारून. मोठा झालेला मुलगासुद्धा अशा बाबतीत हळवा असतो. चित्र गेलेल्या सागवानी चौकटी टाकू नका, आरसा बसवा.

आणि कारागिराकडे काम देताना प्रत्येक चित्राचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, यादी करा, यादीवर त्याची सही घ्या. शक्यतो मूळ चित्र देऊच नका, पेनड्राइव्ह द्या. नुसतं लिहून दिलं की समोरचा वाचतोच, असं समजू नका. पहिली वस्तू तयार झाली की प्रत्यक्ष जाऊन बघा, मगच दुसरी करू द्या. शेवटचा हप्ता मूळ चित्रं मोजून परत मिळाल्यावरच द्यायचा, हे पहिल्या दिवशी सांगा. माझी परत मिळालेली नाहीत. त्याचा शेवटचा हप्ता मी दिलेला नाही आणि देणारही नाही.