दाजींची जीप काढताना

दौंड

चि. बाळ,

ताईचा फोन आला होता. दाजींची जीप काढायचं ठरवलंस आणि त्याआधी शिरूरला डेंटरकडे टाकून रंग मारून घेणार आहेस, असं म्हणत होती. विकायला माझी ना नाही. गोठ्याशेजारी उभी राहून तिचं काही भलं होत नाहीये, उंदरांनी वायरिंग कुरतडलं असेल ते वेगळंच. पण रंग मारू नकोस.

ज्याला आपल्यासारखी एमएम ५४० हवी असते, त्याला ती काय आहे ते माहीत असतं. नवा रंग दिसला की तो पहिल्यांदा खिशातून लोहचुंबक काढतो आणि पत्र्यावरून फिरवतो. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. तिथूनच भाव पडायला लागतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय, तो मॅट उचलून तूच दाखव. हल्ली हरियाणात मंडी डबवालीला ऑर्डर दिली की कोरीकरकरीत ‘जुनी’ विलीज जीप घडवून मिळते. त्यामुळे जाणकार माणूस चकचकीत जुन्या गाडीला आधी भितो. फक्त एक काम कर. रॉकेलचा बोळा घेऊन चासीवरचा नंबर पुसून काढ, म्हणजे वाचता येईल. पॉलिशपेपर लावू नकोस, एखादा आकडा पुसट झाला तर तपासणीत तूच उत्तरं देत बसशील. इंजिनाचा नंबरही आरसीशी ताडून बघ. दाजींनी ते प्यूजोचं इंजिन कधी बदललं नाही, हीच तिची खरी किंमत आहे. बाकीच्यांनी केव्हाच डीआय बसवून घेतलं.

जाहिरातीत ‘विंटेज’ लिहिणार होतास म्हणे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा नंबर मिळतो, आणि मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. आपली १९८८ ची. मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला, एमएच मालिका तेव्हापासूनची, म्हणून तर हिचा नंबर जुना तीन अक्षरी आहे. पन्नाशीला अजून अवकाश आहे. ‘जुनी, वापरलेली, फोर बाय फोर चालू’ एवढंच लिही.

गिऱ्हाईक येणार म्हणून सकाळी इंजिन तापवून ठेवू नकोस. कळणारा माणूस आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवतो. थंड इंजिन त्याच्यासमोर लाव, हीटर नीट लागू दे, घाई करू नकोस. पांढरा धूर येईल, गरम झाल्यावर जाईल. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून दाखव. आपलं इंजिन थोडं बॅक मारतं, झाकणातून धूर सोडतं, हे त्याला तिथेच दिसेल, नंतर कळलेलं नको. निळा धूर मात्र राहिला तर आधी मिस्त्रीला विचार आणि भाव त्या हिशेबाने सांग.

फोर व्हील दाखवायची ती रानात, पाणी दिलेल्या काळ्या मातीत. न्हावरे-चौफुला रस्त्यावर दाखवायला जाशील तर फसशील. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून जमवून घेतं, डांबरावर ती सोय नसते. सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो, लिव्हर अडकतो, आणि धडधाकट गाडी गिऱ्हाइकाला बिघडलेली वाटते. त्याला खाली वाकून पुढचा प्रोपेलर शाफ्टही बघू दे. वडापला लावलेल्या कितीतरी जीपांचे ते शाफ्ट डिझेल वाचवायला काढून टाकलेले असतात, नुसता लिव्हर शोभेला.

आता मुख्य गोष्ट. गाडी अजून दाजींच्या नावावर आहे. कुणीतरी एजंट म्हणेल, ‘जुन्या तारखेला सही मारून टाकू.’ मेलेल्या माणसाची सही करायची नाही, बाळा, मग कुणी कितीही सोपं सांगो. नमुना ३१ भरून आधी तुझ्या किंवा ताईच्या नावावर कर. तीन महिन्यांत करायचं असतं, आपल्याला उशीर झालाय, दंड भर. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागेल, धाकटीलाही सहीला बोलाव. फेरनोंदणीची मुदत बघ. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला २०२५ पासून नूतनीकरणाचीच फी १०,००० रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर. हे कोण भरणार ते भाव ठरतानाच बोल.

मग विक्रीसाठी नमुना २९ आणि ३०. विकल्याचं चौदा दिवसांत कळवायची जबाबदारी आपली. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून मोकळा झालो, असं समजू नकोस. विकलेली गाडी चार हात फिरली तरी कागदावर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या अंगावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगून टाकलंय. त्यात आपला मुलूख घोड-भीमेच्या वाळूचा. ‘नाव राहू द्या, रोख घ्या’ म्हणत दोन पैसे जास्त देणारा कुणी आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. गाडी वाळूच्या कामात पकडली की तहसीलची नोटीस तुझ्या घरी येणार.

पुण्याची डोंगरात गाड्या घालणारी पोरं येतील, एखादा ऊसवालाही येईल. मला विचारशील तर ऊसवाल्याला पाच-दहा हजार कमी घेऊनही दे. पोरं आधी तिची बॉडी कापतील. पण तो दौंडकडचा असला तर त्याचं काम बारामतीच्या आरटीओ कार्यालयात, आपलं पुण्याला, तेव्हा हेलपाटे धरूनच चाल. विसार घे, पावती दे, आणि ऑनलाइन नाव बदललेलं दिसेपर्यंत मूळ आरसी गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नकोस.

गुरुवारी चौफुल्याला येतोय. आरसी, विमा आणि दाखला घेऊन ये, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढ. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा