ब्रेकचे नट आणि एक छोटी झडप

चि. मुक्ता,


अप्पांच्या फियाटच्या ब्रेकचे सगळे सुटे भाग एकाच परातीत घातल्याचा फोटो पाहिला. आधी ती परात रिकामी कर. चार चाकांचे चार डबे, मास्टर सिलिंडरचा पाचवा, आणि प्रत्येक पाइपला चिठ्ठी: कुठून निघतो, कुठे जातो. जुना पाइप गंजून चाळण झाला असला तरी टाकू नकोस. नव्याची लांबी, वळणं, टोकाचा आकार त्याच्यावरूनच घ्यायचा आहे.

नटांच्या बाबतीत मात्र घाई नको. गाडी कुर्ल्यात प्रीमियरने बांधली तरी आराखडा इटलीचा, म्हणून पाइपच्या नटाचे आटे मिलिमीटरचे, व्यास 10. गल्लत होते ती अँबॅसेडरच्या नटाशी. अँबॅसेडर मॉरिसच्या घराण्यातली. तिचा नट 3/8 इंची, इंचाला 24 आटे. म्हणजे व्यास साडेनऊ मिलिमीटर. डोळ्यांना काय कळणार! तो फियाटच्या भोकात जातो, आणि दुकानदार म्हणतो, "बसलं की ताई." बसतो, पण आटे पुरते धरत नाहीत. उलट फियाटचा नट अँबॅसेडरच्या भोकात एक-दोन फेऱ्यांत अडतो आणि पान्हा लावलास तर आटे खातो. म्हणून थ्रेड गेज जवळ ठेव. योग्य नट बोटांनीच बराच आत फिरतो. पान्हा शेवटच्या आवळण्यापुरता.

नट जुळला तरी पाइपचं टोकही पाहा. काही टोकं आत दुमडलेली, कर्ण्यासारखी असतात, काही फुगीर. ज्या भागात बसवायचं त्याच्या तळाशी टोक जुळलं नाही, तर ते झिरपणारच. मग लोक आणखी आवळतात आणि चांगला भागही वाया घालवतात.

मास्टर सिलिंडर उघडशील तेव्हा स्प्रिंगच्या टोकाला, तळाशी बटणाएवढी झडप दिसेल. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये ती बहुधा असतेच. पाय उचलल्यावरही ती पाइपात साधारण 8 ते 10 पीएसआय दाब राखते. त्यामुळे चाकातल्या सिलिंडरच्या रबरी वॉशरचे ओठ भिंतीला टेकून राहतात, हवा आत शिरत नाही. कचरा समजून ती फेकू नकोस. आणि पुढे डिस्क बसवायचा मोह झालाच, तर तीच झडप नडेल: एवढ्या दाबाने पॅड डिस्कला घासत राहतात.

रबर पेट्रोल-रॉकेलने धुऊ नये, फुगतं. ताजं ब्रेक ऑइल वापर.

एवढं खोदून सांगतोय कारण अप्पांच्या या जुन्या फियाट 1100 डीला चारही चाकांना मिळून एकच सर्किट आहे. एक नट सुटला की पेडल थेट जमिनीला. हँडब्रेकची केबलही आत्ताच तपासून घे.

रविवारी ये, सुट्या भागांसाठी सीएसटी रोडच्या दुकानांत जाऊ. डबे घेऊन ये. नुसत्या फोटोवर मी काहीही विकत घेऊ देणार नाही.

तुझा,
मामा