यंत्राने लिहिलेली वही

आपल्या पेढ्यांवर कीर्द-खतावणीला जो मान आहे, तो कागदाचा नव्हे. तो लिहिणाऱ्याचा आहे. दिवाणजींचे अक्षर मालक ओळखतो. खाडाखोड झाली तर ती दिसते, शाई बदलली तरी ती दिसते. सायंकाळी रोकड मोजावी, कीर्दीशी ताडून पाहावी आणि फरक पडल्यास छडा लागेपर्यंत ती रक्कम उचंत खाती टाकावी, हा परिपाठ आपल्या वाडवडिलांनी घालून दिला. आता ही वही संगणकाकडे गेली आहे. संगणक बेरजेत चुकत नाही, याविषयी वाद नाही. परंतु बेरीज न चुकणे ही एक गोष्ट आणि नोंद न चुकणे ही दुसरी. या दोहोंतील भेद न ओळखल्यामुळे विलायतेतील शेकडो छोट्या दुकानदारांचा सर्वनाश झाला. तो इतिहास आपल्यासारख्या हिशेबावर जगणाऱ्या समाजाने अभ्यासण्याजोगा आहे.

ब्रिटनमध्ये पुष्कळशी टपाल कार्यालये खाजगी दुकानदार चालवितात. त्यांना उपडाकपाल म्हणावे. एका बाजूस किराणा किंवा वर्तमानपत्रांची विक्री, दुसऱ्या बाजूस टपालाची खिडकी, अशी ही व्यवस्था असते. यात मूळ भारतातून गेलेली कुटुंबेही बरीच आहेत. १९९९ च्या सुमारास टपाल कंपनीने या सर्व खिडक्यांवर ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसविण्यास आरंभ केला. ती आयसीएल या कंपनीने तयार केली होती व आयसीएल ही जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती. करारान्वये उपडाकपालांच्या चुकीने वा निष्काळजीपणाने आलेली तूट त्यांनी स्वतः भरावयाची असे; व्यवहारात मात्र प्रणाली दाखवील ती प्रत्येक तूट त्यांच्याच चुकीची धरली जाई.

तूट दिसू लागली. ती कशी उत्पन्न होई, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०१५ साली स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथील उपडाकपाल बाईंनी एका शाखेतून दुसऱ्या शाखेत ८,००० पौंड रोकड वर्ग केल्याची नोंद केली. पडदा जागच्या जागी थिजला. कळ लागली नाही असे वाटून त्यांनी ती पुनःपुन्हा दाबली. प्रणालीने प्रत्येक वेळी नवी नोंद केली आणि ३२,००० पौंड वर्ग झाल्याचे दाखविले. प्रत्यक्षात एक पौंडही अधिक हलला नव्हता, परंतु वहीत २४,००० पौंडांची तफावत उभी राहिली. येथे बेरीज बिनचूक होती, हे ध्यानात घ्यावे. आठ चोक बत्तीस! चूक होती ती एकच व्यवहार चार वेळा लिहिण्याची, आणि ती कोणाही मुनिमाच्या हातून झाली असती तर डोळ्यांस दिसली असती.

याहून गंभीर बाब निराळीच होती. फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना दूर बसून शाखेच्या हिशेबात नोंदी घालता येत असत, आणि शाखेतील माणसाला त्याची वार्ताही नसे. टपाल कंपनी मात्र असे होणे शक्यच नाही, असे वर्षानुवर्षे सांगत राहिली. परक्या हाताने आपल्या कीर्दीत लिहिलेली ओळ, आणि तिच्याखाली सही मात्र आपली, अशी ही स्थिती होती. त्यातच २००५ साली शाखांकडील उचंत खाते काढून टाकण्यात आले. वादातील रक्कम बाजूस ठेवण्याची सोय उरली नाही. हिशेबाचा व्यवसाय करणाऱ्या कोणाही माणसास विचारावे, उचंत खात्याविना तंटा मिटतो कसा? तो मिटत नाही, दडपला जातो.

मदतीसाठी दूरध्वनी केला असता ‘अशी अडचण फक्त तुमचीच आहे’ असे उत्तर मिळाल्याचे अनेकांनी पुढे साक्षीत सांगितले. मग कोणी घर गहाण ठेवून तूट भरली, कोणी आप्तांकडून उसने घेतले. ज्यांना तेही जमले नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. इंग्लंडच्या कायद्यात १९८४ पासून अशी तरतूद होती की, संगणकाचा कागद पुराव्यात आणावयाचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती रद्द झाली. त्यानंतर यंत्र खरे बोलते असे गृहीत धरले जाऊ लागले आणि ते खोटे आहे हे दाखविण्याचा भार, ज्याच्याजवळ यंत्राची कागदपत्रे नाहीत अशा आरोपीवर पडला.

सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथे सीमा मिश्रा या भगिनी टपालखिडकी चालवीत. सुमारे ७४,००० पौंडांच्या तुटीबद्दल त्यांना २०१० साली पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या आणि तो त्यांच्या थोरल्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा दिवस होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, त्यात त्यांचीही होती.

हा निकाल सहजासहजी लागला नाही. अ‍ॅलन बेट्स या वेल्समधील उपडाकपालाने न पटणारी तूट भरण्यास नकार दिला, म्हणून २००३ साली त्याचे काम काढून घेण्यात आले. त्याने एकेक पीडित जमविला. ५५५ जणांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये प्रणालीत दोष होते असा निर्णय झाला. अखेर २०२४ साली संसदेला कायदा करून उरलेल्या शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. एकूण दोषी ठरलेले नऊशेंहून अधिक होते. चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ च्या अहवालानुसार किमान १३ जणांनी या छळापायी आत्महत्या केली असण्याचा संभव आहे.

श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यात ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे हा एक आहे. यंत्राने खोटा लेख केला तर दोष कोणाचा? यंत्राला कषाय नाही, लोभ नाही. त्याला अतिचार लागत नाही. माझ्या मते तो लागतो दोष ठाऊक असून लेख खरा म्हणून पुढे करणाऱ्याला. विद्वानांनी याचा अधिक विचार करावा.

आता आपल्याकडे पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकावरील हिशेब न्यायालयात दाखल करावयाचा असल्यास प्रमाणपत्र द्यावे लागते. यंत्र त्या काळात नीट चालत होते, असे त्यात लिहून द्यावयाचे असते. म्हणजे उधारी वसुलीच्या दाव्यात ही सही आपणच करणार. आपण काय पाहून सही करतो, हा प्रश्न प्रत्येक मालकाने मनाशी विचारावा. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना १ एप्रिल २०२३ पासून अशीच आज्ञावली वापरणे बंधनकारक आहे, जिच्यात प्रत्येक फेरफाराची नोंद राहते व ती बंद करता येत नाही. भागीदारी पेढ्यांवर हे बंधन नाही. तथापि ते आपणहोऊन स्वीकारावे. चार गुमास्त्यांनी एकच परवलीचा शब्द वापरला तर ती नोंद असून नसल्यासारखीच, हे सांगावयास नकोच.

वखारीचेही तसेच आहे. धान्य सुकते, वजन घटते, उंदीर-किडे आपला वाटा घेतात. वर्षअखेरीस वखारीतील गहू यंत्रातील आकड्याशी किलोपर्यंत जुळला असे कोणी सांगितले, तर मला समाधान वाटत नाही, शंका येते. बहुधा पोती मोजलीच गेली नसतात. पडद्यावरचा आकडाच कागदावर उतरलेला असतो.

सुरक्षेसाठी बसविलेली आज्ञावलीही घात करू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीला एक सदोष सुधारणा पाठविली गेली आणि जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले. चोर कोणी आला नव्हता; पहारेकरीच दारात कोसळला होता. त्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर उतारूंना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले आणि ते लोक आपापल्या गावी पोहोचले.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच आज्ञावली लिहू लागली आहे. त्याविषयी उत्साह मलाही आहे, नातवंडांकडून मी ते शिकतोही. मात्र पेढीच्या वहीपुरते एवढे करावे की, दर महिन्याच्या अखेरीस उधारीची तेरीज कागदावर छापून घ्यावी, तिच्यावर मालक आणि दिवाणजी या दोघांनी तारखेसह सही करावी आणि संगणकातील हिशेबाची एक प्रत पेढीबाहेर, संगणकाला न जोडलेली अशी ठेवावी. खर्च म्हणाल तर पाच-सहा कागदांचा.