वॉर्डातले दोन तास : मुलाखतीतलं 'शॅडोइंग' कसं सांभाळायचं?



आपल्या मुर्रीतून आणि आजूबाजूच्या गावांतून बारावीनंतर एएनएम, जीएनएम, डीएमएलटी करणाऱ्या मुली बऱ्याच आहेत. कोर्स झाला की गोंदिया नाहीतर नागपूरच्या दवाखान्यात मुलाखत. पण मुलाखत टेबलावर संपतेच असं नाही. "आता दोन तास वॉर्डात सिस्टरसोबत राहा," असं सांगतात. यालाच शॅडोइंग म्हणतात, म्हणजे सावलीसारखं सोबत फिरणं. मुलगी घाबरते, आईवडिलांना तर हा शब्दच नवा असतो.

आपण डीएड केलेल्यांना मात्र ही गोष्ट नवी नाही. छात्रसेवाकालात मागच्या बाकावर बसून आपण पाठ निरीक्षण करायचो. फळ्याजवळ जायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, वहीत टिपायचं. वॉर्डातही तेच. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) नवीन एमबीबीएस विद्यार्थी सुरुवातीलाच पंधरा दिवस गांधी आश्रमात राहतात, पुढे गावात शिबिर असतं. आधी माणसं बघायची, औषधं नंतर. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकातही रुग्णाच्या निरीक्षणावर वेगळं प्रकरण आहे.

जाण्याआधी फोनवर विचारून घ्यावं : किती तास, कोणता वॉर्ड, कोणासोबत आणि हाताने काही करायचं आहे का? नखं कापलेली, केस बांधलेले, बांगड्या-अंगठी घरी, पायात बंद चप्पल किंवा बूट. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली असेल तर त्याची झेरॉक्स द्यावी. मूळ कागद दाखवायचे, ठेवून यायचे नाहीत. मोबाईल सायलेंट करून बॅगेत. वॉर्डात सेल्फी नाही म्हणजे नाही.

आत गेल्यावर हात धुवावेत आणि रुग्णाला आपण कोण ते सांगावं. "काकू, मी इथे नोकरीसाठी आले आहे, सिस्टरांचं काम बघते आहे. चालेल ना?" काकू नको म्हणाल्या तर बाहेर थांबायचं. पडदा ओढला, कपडे बाजूला करायचे असले की सिस्टरकडे बघायचं, त्यांनी बोलावलं तरच आत. केसपेपर विचारल्याशिवाय उघडायचा नाही.

बघायचं काय? औषध देण्याआधी सिस्टर नाव, डोस, वेळ कशी जुळवून घेते. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला काय काय सांगते. पिवळ्या, लाल, निळ्या आणि पांढऱ्या डब्यांत कोणता कचरा जातो. आपल्याकडे बालाघाटचे, छत्तीसगडचेही रुग्ण येतात. कोणी हिंदी बोलतं, कोणी पोवारी, कोणी गोंडी. भाषा जमत नसेल तेव्हा सिस्टर काय करते, हे नक्की बघावं. आणि सफाईच्या मावशींना नमस्कार करावा. ही मुलगी कशी वागली, हे त्याही सांगतात!

प्रश्न खाटेजवळ विचारू नयेत, व्हरांड्यात आल्यावर दोन-तीनच विचारावेत. "रात्री या वॉर्डात किती सिस्टर असतात?" हा चांगला प्रश्न आहे, कारण उद्या ती रात्र आपल्याच वाट्याला येणार. "आमच्या कॉलेजात असं करत नव्हते" हे वाक्य मात्र गिळून टाकावं. पण आजोबा खाटेवरून उतरायला लागले, पडतील असं दिसलं, तर लगेच हाक मारायची. तिथे गप्प राहणं चुकीचं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कधीकधी कोणी म्हणतं, "शिकली आहेस ना, मग लाव इंट्राकॅथ." मुलीला वाटतं, नाही म्हटलं तर नोकरी जाईल. माझं मत स्पष्ट आहे : नियुक्ती नाही तोवर सुई हातात घेऊ नये. सुई टोचली तर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्हीचा धोका तिला. रुग्णाला काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे कुठेच लिहिलेलं नाही. "मॅडम, मला येतं, पण आज मी फक्त बघायला आले आहे. ऑर्डर मिळाली की तुमच्यासमोर करून दाखवते," असं नम्रपणे म्हणावं. करून बघायला हवं असेल तर मॉडेलवर दाखवायला तयार राहावं.

आणि पालकहो, दोन तासांचे आठ दिवस झाले, मुलगी ड्युटी करते आहे आणि हातात कागद नाही, तर ते शॅडोइंग नाही. ते फुकटचं काम आहे. किती दिवस, किती पगार, हे विचारायला लाजू नका.

शेवटी मेट्रन विचारतात, "काय बघितलं?" "सगळं छान होतं" हे उत्तर नव्हे. "प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी सिस्टरांनी हात स्वच्छ केले," असं नेमकं सांगावं, पण रुग्णाचं नाव न घेता. घरी आल्यावरही तसंच. मुर्री आणि गोंदिया जवळजवळच आहेत, ओळखीचं कोणी ना कोणी भरती असतंच. बाबांनी विचारलं, "कोण होतं गं दवाखान्यात?", तरी नाव सांगायचं नाही.

याची तयारी तिसरी-चौथीपासून करता येते. परिसर अभ्यासाच्या तासाला दोन मुलांना पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंजवळ (चुलीपासून लांब!) पंधरा मिनिटं गप्प उभं करा. मग वर्गात येऊन बघितलेल्या पाच गोष्टी सांगायच्या. 'चांगलं' आणि 'वाईट' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. पहिल्या दिवशी मुलं दोन गोष्टींवर अडकतात.