तोडलेला ऊस ठेवला की ढेप का बसत नाही?

"ऊस तोच, काहील तीच, मग कालच्या उसाचा गूळ मऊ कसा?" असं गुऱ्हाळावर बरेच जण विचारतात.

ऊस तोडला तरी त्याच्यातलं इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, काम करतच राहतं. ते साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. या दोन साखरा वाढल्या की गुळाला दाणा धरत नाही. गूळ हवेतलं पाणी ओढतो, चिकट होतो, पावसाळ्यात पाझरतो. उन्हात हे काम आणखी जोरात चालतं.

रस चाखला तर गोडच लागतो, ब्रिक्सही खाली येत नाही. इथंच फसगत होते.

काय करायचं?
✅ २४ तासांत गाळप होईल तेवढाच ऊस तोडा.
✅ वाढं आणि वरची कोवळी कांडी काढून टाका, इन्व्हर्टेज तिथंच जास्त असतं.
✅ थांबावंच लागलं तर मोळ्या सावलीत ठेवा, पाचटानं झाका, पाणी शिंपडा.
❌ ढेप बसावी म्हणून चुना वाढवू नका, गूळ काळा पडतो.

तोडीआधी गुऱ्हाळाचा नंबर पक्का करा, मगच कोयता लावा.

– आपला कृषी सल्लागार